लेक स्पेनमध्ये बास्केटबॉल खेळते: दुपारी दोन ते पाच करायचं काय?

अनारसा | १९ जानेवारी, दुपारी ३:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज दुपार सरता सरत नाहीये म्हणून धागा काढतेय.

सध्या मुक्काम स्पेनमध्ये, माद्रिदहून वायव्येला बसने अडीच-तीन तासांवरच्या एका लहान शहरात. धाकटी लेक इथे पैसे घेऊन बास्केटबॉल खेळते. (गावाचं आणि क्लबचं नाव लिहायचं नाही अशी तंबी मिळालेली आहे.) आम्ही न्यू जर्सीचे. ती तिथेच वाढली, कॉलेजात चार वर्षं डिव्हिजन टूमध्ये खेळली, डिग्री घेतली आणि म्हणाली, "आई, एक वर्ष स्पेनला जाऊन येते." हे दुसरं वर्ष चालू आहे. लीग महिलांची, दुसऱ्या पायरीची, लीगा फेमेनिना चॅलेंज. तेव्हा रेआल माद्रिद, झगमगाट वगैरे डोळ्यांसमोर आणू नका.

मला वाटायचं, खेळाडूचा दिवस म्हणजे पहाटेपासून घाम. पण जानेवारीत इथे सकाळी साडेआठपर्यंत काळोख असतो, पहाट कसली! दहाला जिम, मग तासभर शूटिंग. हॉल नगरपालिकेचा, त्यामुळे साडेबाराला शाळेची पोरं आली की बाहेर. संध्याकाळी साडेपाचला ती दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते, ते करारातच आहे. संघाचा सराव रात्री साडेआठला, कारण संघातल्या स्पॅनिश मुली दिवसा कामावर असतात. एक नर्स, एक प्राथमिक शाळेत बाई, दोघी विद्यापीठात. सराव संपतो सव्वादहाला. जेवण अकराला!

आणि मध्ये हे दुपारचं भगदाड. दोन वाजले की शटरं खाली, रस्त्यावर कुत्रं नाही. पुण्यातल्या दुकानदारांना आपण उगाच नावं ठेवतो. इथे घराघरात चारीठाव जेवण चाललेलं असतं आणि परदेशी पोरी खोलीत फोन घेऊन पडलेल्या. अमेरिकेत तेव्हा सकाळ, सगळे कामाला जुंपलेले, फोन तरी कोण उचलणार? लेक म्हणते, सामना हरलेला परवडतो, दुपार परवडत नाही. मागच्या वर्षी तिच्यासोबतची एक मुलगी नाताळाला घरी गेली ती परतलीच नाही. खेळ उत्तम चालला होता तिचा.

कुणाच्या घरात असं परदेशी खेळणारं कुणी आहे का? की आपले सगळे बुद्धिबळातच?

---

सोलकढी | १९ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

पहिली मी! मस्त धागा अनारसाताई. आधी जेवणाचं सांगा. लेक शाकाहारी असेल तर कठीण आहे, आम्ही दहा दिवस गेलो होतो तेव्हा "व्हेजिटेरियन सॅलड" मागितलं तर वर ट्यूना.

---

नागपुरी_तर्री | १९ जानेवारी, रात्री ८:०२

वा! मी नागपूरकडून ज्युनिअर स्टेट खेळलोय, सिमेंटच्या कोर्टवर. गुडघ्यांवर अजून त्याची सही आहे. आमच्या काळी बास्केटबॉलवाल्याचं स्वप्न म्हणजे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वे. मुलींचं तर अजूनही तसंच, राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या मुलींचा दबदबा कशामुळे? नोकरी पक्की, खेळ त्यासोबत. तुमच्या लेकीच्या संघात उलटं दिसतंय. नोकरी बाहेर, खेळ रात्री, आणि नुसती खेळायला आलेली ती परदेशी.

तिला नियमांचा त्रास झाला का? अमेरिकेतून आलेल्यांना सुरुवातीला "ट्रॅव्हलिंग", म्हणजे चेंडू न आपटता पावलं टाकल्याचा दोष, फार देतात असं ऐकून आहे.

---

अनारसा | २० जानेवारी, दुपारी २:५५

सोलकढी, ती अंडी खाते म्हणून तरली. बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, हा इथला वडापाव समज. प्रवासात, बारमध्ये, सामन्यानंतर, कुठेही मिळतो. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर खडे मीठ घालून देतात, त्याही छान. एखादीच तिखट निघते, बाकी भोपळी मिरचीच्या चुलतबहिणी. ट्यूनाचं अगदी खरं. इथे मांस म्हणजे बीफ किंवा पोर्क. मासा, हॅम, चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) ही बहुधा भाजीत धरतात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी पहिल्या वर्षी मसूर आणून दिले, प्रेमाने. त्यात चोरिसोच्या चकत्या. लेकीने सांगितलं तर आजींनी तिच्यासमोर चकत्या वेचून काढल्या आणि तोच डबा पुन्हा हातात दिला.

तर्री, अहो अगदी बरोबर! पहिल्या तीन सामन्यांत पंचांनी "पासोस, पासोस" करून वेड लावलं. ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटण्याआधी मागचा पाय उचलायचा नाही, यावर इथे फार डोळा. अमेरिकेत ते बरंचसं चालून जातं. शिवाय कॉलेजात शॉट मारायला तीस सेकंद असायचे, इथे चोवीस. टाइमआउट कॉलेजात खेळाडूही मागू शकते, इथे फक्त प्रशिक्षक. एकदा शेवटच्या मिनिटाला ही हात करून टाइमआउट मागत राहिली, कुणी ढुंकून बघितलं नाही, चेंडू गेला. आणि पाच फूट अकरा उंचीची ही कॉलेजात कडेने खेळायची, इथे थेट "आला-पिवोत", म्हणजे चार नंबरला, रिंगजवळ. तिच्याहून वीस किलो जड बायकांशी धक्काबुक्की. पहिल्या महिन्यात दंडांवर जांभळे डाग बघून मी व्हिडिओ कॉलवर रडले होते.

एक गंमत. आमचं आडनाव जोशी. स्पॅनिशमध्ये जे चा उच्चार ख, आणि एच मुका. त्यामुळे हॉलमधला निवेदक माईकवरून ओरडतो, "नूमेरो ओन्से... खोसीSSS!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणी पदर खोसायला सांगतंय.

---

सोलकढी | २० जानेवारी, दुपारी ४:३०

हसून हसून पुरेवाट! खोसी!!

---

खवचट_खडू | २० जानेवारी, रात्री ११:४८

राग मानू नका, पण सरळ विचारतो. अमेरिकन डिग्री घेऊन रात्री अकराला जेवायचं, पोरांना चेंडू टप्पे शिकवायचे, यात पैसे किती? आणि तिशीनंतर काय?

---

बादालोनेकर | २१ जानेवारी, सकाळी ९:२०

धागा दिसला आणि लॉगिन केलंच. मी बार्सिलोनाला खेटून असलेल्या बादालोनात सात वर्षं राहतोय, आयटी. हे बास्केटबॉलवेड्यांचं गाव. १९९२ च्या ऑलिंपिकचं बास्केटबॉल इथल्याच हॉलमध्ये झालं, जॉर्डन-मॅजिकवाली ड्रीम टीम इथेच खेळली. तोच हॉल आता खुवेन्तुतचं घर आहे. या संघाने १९९४ साली युरोपचं विजेतेपद मिळवलं, आणि रिकी रुबियो चौदाव्या वर्षी याच संघातून एसीबीत, म्हणजे स्पेनच्या पुरुषांच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, उतरला. माझ्या बिल्डिंगचा रखवालदार मला रुपयाचा भाव विचारत नाही, रिबाउंड मोजून दाखवतो.

खडूसाहेबांना: वरच्या लीगमध्ये पैसा चांगला, खाली उतराल तसा झपाट्याने कमी. पण जागा, विमानाचं तिकीट, विमा बहुतेक क्लबच बघतो, आणि आकडा "लिंपियो", म्हणजे कर वजा जाऊन हातात येणारा सांगतात. करार साधारण ऑगस्ट-सप्टेंबर ते मे. उन्हाळ्यात पगार नाही. पुढच्या वर्षी कुठे, ते जुलैपर्यंत ठाऊक नसतं.

परदेशी खेळाडूचं खरं दुखणं वेगळंच आहे. एसीबीत युरोपीय संघाबाहेरचे दोनच खेळाडू, हा नियम वर्षानुवर्षं आहे. त्यामुळे अमेरिकनची जागा म्हणजे लोकलमधली चौथी सीट. टेकलात खरे, पण कधी उठावं लागेल नेम नाही. स्पॅनिश पोरगा दोन सामने वाईट खेळला तर "शिकतोय", अमेरिकन वाईट खेळला तर एजंटला फोन. म्हणून पासपोर्टला भारी किंमत. अर्जेंटिनाच्या कितीतरी खेळाडूंकडे इटालियन आजोबांच्या कृपेने इटलीचा पासपोर्ट असतो, ते झाले युरोपीय. आफ्रिका-कॅरिबियनमधले त्यांच्या देशांच्या युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे (आधी कोटोनू करार, आता त्याच्या जागी सामोआ करार) त्या दोनांत धरत नाहीत. रेआल माद्रिदचा एडी तावारेस, सव्वादोन मीटरला जेमतेम चार सेंटीमीटर कमी, केप व्हर्दे बेटांवरचा. किशोरवयात ग्रान कानारिया क्लबने उचलला तोवर धड बास्केटबॉल खेळलेला नव्हता.

---

मांडवी_काठ | २१ जानेवारी, सकाळी १०:०५

बादालोनेकर, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवाला आमचा गोंयकार उतरला तर तो "परदेशी" नाहीच? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनी घेतलाय की! फक्त उंचीचं बघावं लागेल. आमच्याकडे सगळी उंची नारळांनी घेतली.

---

बादालोनेकर | २१ जानेवारी, सकाळी १०:१२

कागदावर तो शुद्ध युरोपीय. मडगावात सहा फूट आठचा पोरगा दिसला तर मला कळवा, एजंट होतो.

---

अनारसा | २१ जानेवारी, दुपारी ३:१०

खडू, राग कसला. हेच प्रश्न मी तिला विचारले होते, तुमच्यापेक्षा वरच्या पट्टीत. आकडा सांगत नाही, पण तिच्या वर्गातली मैत्रीण ऑडिटच्या नोकरीत महिन्याला जे मिळवते ते हिला इथे हंगामभरात मिळतं असं समजा, फार चूक होणार नाही. फ्लॅट क्लबचा, तिघी परदेशी मिळून. ही, एक अर्जेंटिनाची आणि एक सेनेगलची. (पहिली इटालियन पासपोर्टवाली, दुसरी कोटोनूवाली. बादालोनेकर, तुम्ही आमचा फ्लॅट बघून लिहिलंत का?)

फ्लॅटमध्ये हिचं स्वतःचं असं काही नाही. पलंग क्लबचा, ताटं क्लबची, वॉशिंग मशीन आधीच्या कुणा अमेरिकन मुलीने मागे ठेवलेलं. कपाटात मागच्या पाच-सहा मुलींची माया साचलेली आहे. अर्धवट शाम्पू, एक हिवाळी कोट, चिकटपट्टीचे रोल, इंग्रजी कादंबऱ्या. कोट सध्या हिच्या अंगावर असतो. जाताना तीही काहीतरी ठेवून जाईल.

कपडे वाळत घालायला मधल्या चौकात दोऱ्या आहेत, खिडकीतून हात बाहेर काढून वाळत घालायचे. आपल्या चाळीसारखंच. मोजा निसटला की खालच्या आजींच्या दोरीवर. परत आणायला जावं तर आजी स्थानिक पेपर दाखवून, "अकरा गुण? त्या मंगळवारच्या पोरीने वीस केले होते" म्हणतात. (मंगळवारची पोरगी कोण, ते अजून कुणालाच कळलेलं नाही.)

कागदपत्रांचं तर विचारू नका. परदेशी माणसाचं ओळखपत्र हवं, त्यासाठी बोटांचे ठसे, ठशांसाठी आधी वेळ घ्यायची. तिला म्हणतात "सीता प्रेविया". इकडच्या उच्चारात थीता. रामाला निदान लंकेत गेल्यावर सीता मिळाली, माझ्या लेकीला सहा आठवडे रात्री बारानंतर वेबसाईट ताजी करकरूनही थीता मिळेना. ते ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खातं नीट होईना, म्हणून पगार कुणा पदाधिकाऱ्याच्या हातून पाकिटात. तेही मागच्या वर्षी दोन महिने थकले होते.

---

बादालोनेकर | २१ जानेवारी, रात्री ९:४०

थकबाकी गंभीर आहे. करारात बॅटचं कलम आहे का बघा. बॅट म्हणजे फिबाचं (जागतिक बास्केटबॉल महासंघाचं) बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण, २००७ पासून आहे, मुख्य ठिकाण जिनिव्हा. करारात तसं लिहिलेलं असेल तरच तिथे जाता येतं, आणि पाकिटातल्या पगाराची पावती नसेल तर सगळंच अवघड. पुढचा करार सही करण्याआधी तेवढं एक वाक्य घालून घ्या. बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

---

नागपुरी_तर्री | २२ जानेवारी, सकाळी ७:३०

+१. आणि गुडघ्याचा विमा कुणाचा, तेही लिहून घ्या. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. मी सांगतोय म्हणजे अनुभवाचे बोल आहेत, मुलगा असलो तरी.

भाषेचं कसं जमवलं तिने?

---

अनारसा | २२ जानेवारी, दुपारी ३:३०

भाषा तिला शिकवणीतल्या पोरांनी शिकवली. मिनी-बास्केटची रिंग खाली असते, २.६० मीटरवर, त्यामुळे पोरांना ही हात उंचावून चेंडू टाकते तेच भारी वाटतं. तिच्या चुका मात्र ती मोठ्या उत्साहाने सुधारतात. एकदा सरावात प्रशिक्षकांना "दमलेय" सांगायचं होतं, "कान्सादा". ही म्हणाली "कासादा", म्हणजे माझं लग्न झालंय. अख्ख्या संघाने टाळ्या वाजवल्या. लग्नाची बातमी आईला सोडून सगळ्या गावाला!

कोर्टवरचे शब्द तर मलाही यायला लागलेत. "आयुदा" म्हणजे मदतीला धाव, "ब्लोकेओ" म्हणजे आड उभी राहा, "रेबोते" कळलंच असेल. "बेंगा, बेंगा" म्हणजे चला चला. मी गॅलरीत बसून "बेंगा" ओरडते तर शेजारचे आजोबा मला सूर्यफुलाच्या बिया देतात. सगळा हॉल त्या सोलत बसलेला असतो, सामना संपला की पायाखाली नुसता टरफलांचा सडा.

संक्रांत इथेच झाली. न्यू जर्सीहून तिळगुळाचे लाडू डबाभर आणले होते, कस्टमने उघडला नाही, देव पावला. सरावाआधी वाटले. नाताळातल्या उरल्यासुरल्या तुर्रोनचा डबा तिथेच बाकावर होता, ती आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीची श्रीमंत मावसबहीण. नर्सबाई लाडू चावत म्हणाल्या, यात दात मोडला तर रजेवर कोण? "गोड बोला" याचा अर्थ सांगितल्यावर प्रशिक्षक म्हणाले, मग मी आज गप्पच बसतो.

गेल्या वर्षी आले होते तेव्हा सालामांकाला एक वरच्या लीगचा सामनाही बघितला. आवेनिदाचा संघ, २०११ सालचा युरोलीग विजेता. हॉलमध्ये माझ्या वयाच्या बायका निळे मफलर गुंडाळून मैत्रिणींसोबत आलेल्या, पंचाला झोडपत होत्या. महिलांच्या सामन्याला इतक्या म्हाताऱ्या बायका मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. मला ते फार आवडलं.

---

खवचट_खडू | २२ जानेवारी, रात्री ११:५५

लाडू वाचून विरघळलो. तरी तिशीचा प्रश्न शिल्लक आहे.

---

बादालोनेकर | २३ जानेवारी, सकाळी ९:०५

मार्सेलिन्यो उएर्तास, ब्राझीलचा, जन्म १९८३, चाळिशी ओलांडल्यावरही तेनेरिफेत पॉइंट गार्ड खेळला. असे अपवादच, मान्य. पण काही लोक राहूनच जातात. वेन ब्रेबेंडर अमेरिकेतून १९६७ साली रेआल माद्रिदला आला तो स्पॅनिश होऊन राष्ट्रीय संघातून खेळला. आता ते इतकं सोपं नाही, नागरिकत्वाला साधारण दहा वर्षं वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिकन देशांना दोनच. त्यामुळे तुमच्या फ्लॅटमधली अर्जेंटिनाची मुलगी इथेही नशीबवान.

---

अनारसा | २३ जानेवारी, दुपारी २:२०

लेकीला धागा वाचून दाखवला. म्हणाली, मी लिहिते. ती सांगतेय, मी टंकतेय. मराठी तिचंच, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

"सगळ्यांना नमस्कार. खडूकाका, तिशीनंतरचं मला खरंच माहीत नाही. माझ्या टीममधल्या नर्सला माहीत आहे, कारण ती आधीच नर्स आहे. तिचा मला कधी कधी हेवा वाटतो. ती वाईट खेळली तर सकाळी हॉस्पिटलमध्ये तिला कुणी विचारत नाही. मी वाईट खेळले तर ब्रेडवाला पण विचारतो. मी इथे फक्त बास्केटबॉल आहे.

पहिल्या वर्षी मी सारखी हाच विचार करायचे की मला काढतील. दोन मॅच चार-चार पॉइंट झाले की मी बॅग कुठे आहे ते बघून ठेवायचे. दुपारी तेच डोक्यात. रात्री प्रॅक्टिसला जाईपर्यंत मी दमलेली असायचे, काही न करता.

मग एकदा बसचा प्रवास होता. सकाळी सातला निघालो, सहा तास, मॅच हरलो, रात्री पेट्रोल पंपाच्या हॉटेलात थंड सँडविच, आणि पहाटे तीनला परत. टीचर मुलगी माझ्या शेजारी बसून मोबाईलच्या उजेडात वह्या तपासत होती. मी म्हटलं, दे अर्ध्या, इंग्लिशच्या मी तपासते. तेव्हापासून मंगळवार-गुरुवार दुपारी मी तिच्याकडे जेवायला जाते आणि मग आम्ही वह्या तपासतो. तिची आई मला ओरडते की मी फार पटापट जेवते. ते जेवण दोन तास चालतं. आता मला दुपारी डुलकी पण येते. आईला हे माहीत नव्हतं, आत्ता कळलं, ती थोडी रागावलीय की मी तिला बोलावलं नाही. आई, गुरुवारी ये."

---

सोलकढी | २३ जानेवारी, दुपारी ३:००

अगं किती गोड मराठी! अनारसाताई, म्हणजे दुपारी वेळ जात नव्हता तो तुमचा, तिचा नाही (डोळा मारून).

---

अनारसा | २३ जानेवारी, दुपारी ३:०४

हो ना. धाग्याचं शीर्षक बदलायला अ‍ॅडमिनना सांगू का?

---

नागपुरी_तर्री | २३ जानेवारी, रात्री ८:१५

राहू द्या. पुढचा सामना कधी? दिसतो का कुठे?

---

अनारसा | ३० जानेवारी, दुपारी ४:५०

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. गुरुवारी त्या बाईंकडे जेवायला गेले होते, चार वाजले तरी उठू देईनात. चण्याचं पालक घातलेलं कालवण केलं होतं, आपल्या पातळभाजीची आठवण आली. मी गोडा मसाला नेला होता, त्यांनी वास घेतला आणि डबा सरळ कपाटात वर ठेवून दिला. वापरतील की देव्हाऱ्यात ठेवतील, कळेना.

तर्री, शनिवारी संध्याकाळी सामना आहे. फेडरेशनच्या वेबसाईटवर थेट दाखवतात. मागच्या शनिवारी सात गुण आणि पाच फाउल करून बाहेर, त्यामुळे ब्रेडवाल्याकडे सध्या मी जाते.

आणि आत्ता दार वाजलं. खालच्या आजी. एका हातात लेकीचा मोजा, दुसऱ्या हातात मसुरांचा डबा. म्हणाल्या, चोरिसो नाही, शपथ. झाकण उघडून बघितलं तर खरंच नव्हता. यावेळी हॅम आहे.